सहीबुडवी

तिला तोंडावर कुणी सहीबुडवी म्हणत नसे. पाठ वळली की म्हणत. फ्रेमवाले म्हणत, जुनी मासिकं नि फोटो विकणारे म्हणत, आणि तेच लोक पुन्हा तिच्याच दारात कामं घेऊन येत. नावाजलेल्या माणसांच्या खराब झालेल्या सह्या नीट करून देणं हा तिचा व्यवसाय होता. कुणा नटाची सही असलेलं पान कसरीनं खाल्लेलं असे, कुणा गायिकेचा सही केलेला फोटो काचेला चिकटून बसलेला असे. एका खेळाडूनं रुमालावर केलेली सही तिच्याकडे आली तेव्हा तो रुमाल घरातल्या कुणा कर्तव्यदक्ष माणसानं साबण लावून खळखळून धुतला होता. तिचा खरा राग लॅमिनेशनवर. 'मायेनं घुसमटलेलं मूल आणि हौसेनं लॅमिनेट केलेला कागद, दोन्ही सोडवणं सारखंच कठीण,' असं ती म्हणायची, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला हसावं की ओशाळावं ते कळायचं नाही.

सही ती कधी गिरवत नसे. कितीही पुसट झालेली असो, कुणी कितीही गळ घालो. 'सही त्यांची आहे, मी वर पेन फिरवलं की माझी होईल,' एवढंच सांगून ती कागद परत करायची. तिचं काम सहीच्या आजूबाजूचं. डाग काढायचे, फाटलेलं मागून सांधायचं, कागद सपाट करायचा. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, टेबलावर टिपकागदांची चळत, खळ शिजवायचं एक लहान पातेलं, आणि वजन म्हणून ठेवलेल्या दोन जुन्या, बंद पडलेल्या इस्त्र्या. त्या पातेल्यात एकदा नवऱ्यानं चहा केला होता. तो चहा त्याच्या अजून लक्षात आहे.

हे टेबल नंतरचं. आधी ती सासरच्या दुकानात बसायची. पुढच्या बाजूला काउंटरवर थोरली जाऊ, मधल्या भागात थोरला दीर आणि तिचा नवरा काचा कापायला, फ्रेमा ठोकायला, आणि मागच्या खोलीत धाकटी सून म्हणून ही. काम तिला सासऱ्यांनी शिकवलं, आणि कामाआधी एक रिवाज शिकवला.

कागद पाण्यात घालण्याआधी सहीच्या शेपटाशी पाण्याचा बारीकसा थेंब ठेवायचा आणि वर टिपकागद दाबायचा. टिपकागद कोरा निघाला तर शाईनं कागद धरलाय, खुशाल धुवा. रंग उतरला तर शाई सुटतेय, पाणी दाखवायचं नाही. इथवर हे काम कुणीही असंच करतो. पण सासऱ्यांचा नियम असा होता की ज्यानं थेंब ठेवला त्यानं टिपकागद वाचायचा नाही. ज्याच्या हातात काम असतं त्याला ते उरकायचं असतं, आणि उरकायला बसलेल्या डोळ्यांना सगळं कोरंच दिसतं. म्हणून टिपकागद दुसऱ्यानं बघायचा आणि चारचौघांत ऐकू जाईल असं म्हणायचं, 'धरली' किंवा 'सुटली'. शब्द ज्याचा, जबाबदारी त्याची. 'हात चुकला तर माफ करीन, शब्द चुकला तर नाही,' असं सासरे म्हणायचे. ते गेले, रिवाज राहिला, आणि शब्द थोरल्या सुनेकडे आला.

कवायत शिकवणारे एक मास्तर एका धावपटूची सही घेऊन आले, त्या दिवसाची ही गोष्ट. शर्यतीत छातीवर लावतात तो कागदी क्रमांक, त्यावर शाईच्या पेनानं केलेली सही. धावपटू वारला होता, कागदावर घामाचे नि मातीचे डाग होते. हिनं थेंब ठेवला, टिपकागद उचलला आणि रिवाजाप्रमाणे न बघता काउंटरवर नेऊन थोरलीपुढे धरला. थोरली फोनवर होती. फोन खांद्यात नि कानात दाबलेला, एका हातानं फ्रेमांचे नमुने गिऱ्हाइकापुढे सरकवत होती. तिनं मान वळवली न वळवली, 'धरली, धरली' म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये हसली. हिनं आत जाऊन कागद पाण्यात घातला.

निळी रेघ आधी जाड झाली. मग ती कागदावरून उठली आणि धुरासारखी पाण्यात पसरली. हिनं जाळीसकट कागद उचलेपर्यंत क्रमांक तेवढा उरला होता, सही नव्हती.

मास्तर ओरडले नाहीत. ट्रेमध्ये वाकून बघत त्यांनी विचारलं, 'आता ती कुठं गेली?' जशी काही ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. या प्रश्नाचं उत्तर तिला अजून सापडलेलं नाही.

उत्तर थोरलीजवळ मात्र तयार होतं. 'मी कधी म्हटलं? मला दाखवलंस तरी का तू?'

'ताई, आत्ता तुम्ही फोनवर...'

'फोनवर होते म्हणतेस, मग मला विचारलंस कशाला?'

सासूबाई तेव्हा होत्या. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, 'चूक झाली तर झाली म्हणावं गं. दुसऱ्यावर ढकलणं आपल्या घरात नाही.' दीर काच पुसत राहिला. नवरा काही बोलला नाही, पण तो कधीच काही बोलत नसे, म्हणून तिनं ते मोजलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. महिना उलटायच्या आत बाजारात तिचं नाव सहीबुडवी पडलं.

ती दुकानातून निघाली ती पुन्हा पाऊल टाकलं नाही. तोवर थोरलीला ती 'ताई' म्हणायची, त्यानंतर 'जाऊबाई' म्हणू लागली. भांडण केलं नाही, रडली नाही, माहेरी गेली नाही. साप डूख धरतो म्हणतात, तसा तिनं धरला. तिला दुसरं काही नको होतं. ज्या तोंडानं 'मी कधी म्हटलं' म्हटलं, त्याच तोंडानं, लोकांसमोर, 'मी म्हटलं होतं' हे तिला ऐकायचं होतं. भांडी घासताना, खळ ढवळताना ती हे वाक्य मनातल्या मनात थोरलीच्या आवाजात म्हणून बघायची. आवाज हुबेहूब जमायचा.

मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरी शोधता शोधता कंटाळली, आणि एक दिवस म्हणाली, 'मोठीआई म्हणतेय दुकानात ये. मी हो म्हटलं.'

'मला न विचारता?'

'विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला भांडून हो म्हणावं लागलं असतं. तेवढा वेळ वाचवला.'

त्या दिवसापासून आईच्या जिवाला घोर लागला. पोरगी संध्याकाळी दारात चप्पल काढते न काढते तोच हिचा प्रश्न, 'आज थेंब कुणी ठेवला? शब्द कुणाचा होता?'

'आई, जेवायला तरी दे आधी.'

'देते. शब्द कुणाचा होता?'

'मोठीआईचा. नेहमीसारखा.' मग पोरगी भाताचा घास कालवता कालवता सहज म्हणाली, 'खरं तर माझाच म्हण. ती टिपकागद खिडकीपाशी नेते, वळवून वळवून बघते, आणि हळूच मला विचारते, काय गं? मी सांगते, मग ती मोठ्यानं म्हणते. डोळ्यांना दिसत नाही तिला आताशा. काकांनाही ठाऊक नाही. तू कुठं बोलू नकोस हं.'

हिनं वाटीत आमटी वाढली. आत काहीतरी लख्ख झालं. म्हणजे जी बाई डोळे धड असताना न बघता शब्द देत होती, ती आता आंधळेपणानं देतेय, आणि शेजारी माझी पोर उभी आहे. एखाद्या दिवशी पोर डबा खायला आत गेलेली असेल, थोरली धरली म्हणेल, आणि मग पुन्हा तेच, 'मी कधी म्हटलं?' सहीबुडवीची लेक सहीबुडवी. लोकांना नवं नावसुद्धा शोधावं लागणार नाही.

पोरीला दुकानातून काढायचं तर ती निघणार नव्हती. मग थोरलीचं तोंडच उघडं पाडायला हवं होतं. हिनं वाट पाहिली, आणि फार पाहावी लागली नाही.

एक म्हातारे शिंपी दुकानात आले. उमेदीच्या काळात त्यांनी एका गायिकेचे रंगमंचावर घालायचे कोट शिवले होते. ती गायिका तेव्हा पोस्टरवर असायची, आता टपाल तिकिटावर. कोट बेतण्यासाठी त्यांनी कापलेला खाकी कागद, त्याच्या खांद्याच्या तुकड्यावर तिनं गमतीत सही केली होती. शिंपीदादांनी तो घडी घालून जपला, घड्या फाटल्या तेव्हा चिकटपट्ट्या लावून पुन्हा जपला, आणि मग कपाटावरून पाणी झिरपलं. चिकटपट्ट्या पिवळ्या पडून कागदात मुरल्या होत्या. दिरानं कागद बघून हात वर केले. थोरलीनं पोरीकरवी घरी निरोप धाडला की धाकटीला विचार, करेल का.

'करीन,' ही म्हणाली.

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. 'म्हणजे कागद घरी आणू?'

'नको. मी दुकानात येते.'

'तू दुकानात येणार?'

'का? माझे पाय कुणी बांधलेत?' मग पोरीकडे वळून ती म्हणाली, 'मोठीआईला सांग, शिंपीदादांना बोलावून घे. त्यांच्यासमोर करीन, काउंटरवर. आणि शब्द घरच्या रिवाजानं थोरल्या सुनेचा.'

थोरलीला त्यात मान वाटला. तिनं काउंटर रिकामा करून ठेवला, स्वच्छ फडकं अंथरलं, शिंपीदादांसाठी खुर्ची मांडली. ही आत शिरली तेव्हा जागा तीच होती, भिंतीवरच्या फ्रेमांचे नमुने नवे होते. 'ये गं,' थोरली म्हणाली, 'वाळलीस किती. आमच्याकडे येत नाहीस ना, म्हणून.'

'काम करून घेऊ, जाऊबाई.'

शिंपीदादा खुर्चीच्या कडेला बसले होते. 'बाई, सही तेवढी सांभाळा,' ते म्हणाले. 'कागद गेला तरी चालेल.'

'कागद गेल्यावर सही कशावर राहील, दादा?'

'तेही खरंच,' म्हणून ते हसले आणि पुन्हा गंभीर झाले.

हिनं कागद पसरला. सही पाहता क्षणी तिला कळलं. शाईच्या पेनाची, स्वस्तातली निळी शाई, वर्षांनुवर्षं उन्हापासून दूर. ही पाण्याला बघताच सुटणार. तरी तिनं रिवाजाप्रमाणे सहीखालच्या रेघेच्या टोकाशी थेंब ठेवला, टिपकागद दाबला. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली पोरगी सवयीनं पुढे सरकली.

'तू जरा ट्रेमध्ये पाणी घेऊन ये,' आई म्हणाली.

'भरलाय की ट्रे.'

'कोमट हवंय. जा.'

पोरगी आईच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि आत गेली. हिनं टिपकागद उचलून थोरलीच्या हातात दिला. पुढच्या कामाची तयारी केल्यासारखं करत मान खाली घातली, पण नजर थोरलीच्या बोटांवर होती. थोरलीनं कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. डोळे बारीक केले. आतल्या दाराकडे एकदा बघितलं. दारात कुणी नव्हतं.

'धरली,' ती म्हणाली.

'जरा मोठ्यानं. दादांना ऐकू आलं नसेल.'

'धरली म्हटलं ना. चांगली घट्ट धरलीय.'

हिनं कागद जाळीवर घेतला, जाळी उचलली आणि भरलेल्या ट्रेवर आणली. थेट पाण्यावर. खाकी कागदाची सावली पाण्यात पडली. एवढंच करायचं होतं, हात खाली न्यायचा होता. शब्द थोरलीचा होता, दोनदा दिलेला, मालकासमोर दिलेला. आता बुडू दे. आता म्हणून दाखव मी कधी म्हटलं. तिच्या मनगटात ते वजन उतरलंसुद्धा.

ती थांबली ते शिंपीदादांची कीव आली म्हणून नव्हे. ती नंतर आली, थोडीशी. थांबली ती एका हिशेबी विचारानं. सही बुडाली की लोक शब्द विसरतात. कागद कुणाच्या हातात होता तेवढं लक्षात ठेवतात. मास्तरांनी तिच्याच हातांकडे बघितलं होतं.

तिनं जाळी बाजूला ठेवली. थोरलीच्या हातातून टिपकागद घेतला आणि शिंपीदादांपुढे धरला. 'दादा, तुम्ही आयुष्यभर दोरे जुळवलेत. यावर काय दिसतंय सांगा.'

शिंपीदादांनी चष्मा पुसला. 'निळं आहे,' ते म्हणाले. 'फिकट आहे, पण निळं आहे.' आणि मग त्यांना अर्थ कळला. ते खुर्चीतून उठले आणि दोन्ही हात कागदावर आडवे धरून उभे राहिले, जणू वारा येत होता.

'उजेड नाही इथं,' थोरली म्हणाली. 'दिवा कधीचा बदलायला सांगतेय मी.'

'दिवा चांगला आहे. त्या दिवशीही चांगला होता. त्या दिवशी तुम्ही फोनवर होतात.'

मधल्या भागातला हातोडा थांबला. दीर फ्रेम हातात घेऊनच पुढे आला, त्याच्या मागे हिचा नवरा. पोरगी कोमट पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी.

'जुनं काय उकरतेस आता?' दीर म्हणाला.

'जुनं नाही, भावजी. आत्ताचं आहे. आत्ता जाऊबाईंनी न बघता धरली म्हटलं, तुमच्या गिऱ्हाइकासमोर. मी ऐकलं असतं तर दादांची सही या ट्रेमध्ये विरघळली असती, आणि उद्या बाजारात नाव कुणाचं झालं असतं? माझं. किंवा हिचं,' तिनं पोरीकडे बोट केलं. 'मला एकच ऐकायचंय. मास्तरांच्या वेळी धरली कोण म्हणालं होतं?'

थोरलीनं सगळ्यांकडे पाहिलं, म्हणजे जिथं जिथं माणसं असावीत तिथं पाहिलं. दिराकडे बघताना तिची नजर त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला गेली. ते दिरालाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यानं हातातली फ्रेम खाली ठेवली.

'मी,' थोरली म्हणाली.

'काय मी? पूर्ण सांगा.'

'आई, पुरे,' पोरगी म्हणाली.

'मी म्हटलं होतं धरली. बघितलं नव्हतं. झालं समाधान?'

कितीदा तरी मनात ऐकलेलं वाक्य होतं ते. आवाज मात्र मनातल्यासारखा नव्हता. बारीक आणि कोरडा होता. तरीही ते तिला गोड लागलं. खोटं कशाला सांगा, फार गोड लागलं.

थोरलीनं मात्र पदरानं तोंड पुसलं आणि हिशेब पुरा केला. 'आणि आता तूही ऐक. मी एकटी नव्हते इथं. तुझा नवरा या फळीशी उभा होता, तुझ्या नि माझ्या मध्ये. त्यानं ऐकलं होतं. सासूबाईंनी नुसते डोळे वटारले नि तो गप्प झाला. माझ्यावर एवढी वर्षं दात ठेवलास. त्याला रोज चार पोळ्या करून वाढल्यास.'

हिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. शिंपीदादांचे हात तिनं हळूच बाजूला केले, म्हणाली, 'बसा दादा, पाणी लागणार नाही आता,' आणि कामाला लागली. गरम पात्यानं चिकटपट्ट्या उचलल्या, मुरलेला डिंक खोडरबरानं चोळून चोळून काढला, फाटलेल्या घड्या मागून पातळ कागद लावून घट्ट खळीनं सांधल्या. सहीच्या आसपास ओला ब्रश फिरकूही दिला नाही. कागदावरचा पाण्याचा डाग तसाच राहिला. शिंपीदादा म्हणाले, 'असू दे, कोटाला अस्तर असतं तसा दिसतोय.'

पोरगी घरी परतताना आईच्या बरोबर चालली नाही. घरी आल्यावर म्हणाली, 'मी तुला जेवताना विश्वासानं सांगितलं होतं. तू त्याचा चाकू केलास.'

'तुझ्यासाठीच केलं.'

'माझ्यासाठी केलंस तर पाणी आणायला मला आत का धाडलंस? मी तिथं असते तर तिला सांगितलं असतं, सुटली म्हण. मोठीआई वाचली असती, सही वाचली असती, मीही वाचले असते. तुला ते नको होतं.'

खरं होतं ते. पोरीनं सांगून टाकलं की उद्या ती मोठीआईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे आणि दुकान सोडणार नाहीये. 'आता निदान शब्द माझा म्हणून तरी धरतील,' ती म्हणाली.

नवरा दोन दिवस घरात भाड्यानं राहायला आल्यासारखा वावरला. ताट आपलं आपण घ्यायचा, धुऊन ठेवायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, 'आईनं डोळे वटारले होते. दुकान फुटेल म्हणाली होती.'

'फुटलं का?'

'नाही.'

'मी दुकान सोडून या घरच्या मागच्या खोलीत आले, ते काय होतं मग?'

त्यावर त्यानं पिशवी उचलली. बाहेर पडायची वेळ झाली होती. 'पिशवी ठेवा,' ती म्हणाली, 'नि इकडे या.'

मागच्या खोलीत टेबलावर एका नटाच्या सहीचा कागद पसरलेला होता. तिनं त्याच्यासमोर सहीच्या शेपटाशी थेंब ठेवला, टिपकागद दाबला आणि न बघताच उचलून त्याच्या हातात दिला. 'आजपासून शब्द तुमचा. रोज. मोठ्यानं म्हणायचा, शेजारच्यांना ऐकू गेला पाहिजे.'

'मला यातलं काय कळतं?'

'डोळे आहेत ना? कान तर होतेच.'

तो खिडकीशी उभा राहिला. कागद त्यानं जवळ धरला, लांब धरला. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही, आणि मग हळूहळू त्याची नजर कागदावरून सरकत तिच्या चेहऱ्यावर आली, उत्तर शोधत.

'माझ्या तोंडाकडे बघू नका,' ती म्हणाली. 'कागदाकडे बघा.'